पोच

नुरजी पावरा बांबूची नळी घेऊन येतो.
तोंडाला चिंधीचं बूच,
आत गुंडाळलेली त्याची अडीच एकर:
वनखात्याच्या दंडाच्या पावत्या, अकरा.
ज्यांनी हुसकलं त्यांच्याच सहीनं
तो तिथे होता हे सिद्ध होतं.
कायद्याला असला विनोद कळतो की नाही
मला माहीत नाही.
मी चोपड्यात यावल रोडला सेंटर चालवते,
पान वीस रुपये, रंगीत तीस.

तीनदा तो तापी ओलांडून सुनावणीला गेला.
एकदा साहेब निवडणुकीच्या कामावर,
एकदा फाइल सापडेना,
एकदा सापडली, पण नाव पुकारलं
तेव्हा हा लघवीला गेलेला.
आता नवा आदेश, अपील ऑनलाइनही चालेल.
मधे तापी नाही, एसटी नाही,
अमळनेरच्या जिन्यावर बसून राहणं नाही.
हे सांगताना माझा आवाज
जरा जाहिरातीसारखा झाला.

पावत्या उलगडण्यात दुपार गेली.
उलगडल्या की पुन्हा गुंडाळतात,
सवय लागलेल्या.
कोपऱ्यांवर मी स्टेपलर ठेवला, पंच, माझा मोबाइल,
आणि त्याने आपली चार बोटं.
पहिल्या स्कॅनमध्ये बोटंही आली.

सातवी पावती. दंड चाळीस रुपये,
गुन्हा: नांगरट.
वर्षाच्या जागी कसर लागलेली.
एक, नऊ, भोक, चार.
मशीनने आपणहून पान स्वच्छ केलं.
डाग गेला, चुलीचा धूर गेला, भोकही गेलं.
राहिलं नुसतं पांढरं,
जणू वर्ष कुणी लिहिलंच नव्हतं
किंवा लिहून खोडलं होतं.
साहेब हे पडद्यावर बघणार,
उजेडात धरून बघणार नाहीत.

सफाईचं बटण बंद केलं.
पावतीमागे माझी ओढणी ठेवली, लाल,
आणि पुन्हा दाबलं.
आता तिथे लाल ठिपका,
तुरीच्या डाळीएवढा.
भोक आहे, तर भोकच दिसू दे.
कसरीनं खाल्लंय, माणसानं नाही.

मग फाइल मोठी झाली. लहान केली.
लहान केली तर चाळीसचे अठ्ठेचाळीस दिसायला लागले.
शेवटी अकरा तुकडे करून चढवली.
ओटीपी गेला बारडोलीला,
उसाच्या फडात, पुतण्याच्या मोबाइलवर.
मुदत दहा मिनिटं.
त्याने कोयता खाली ठेवला असेल,
हात विजारीला पुसले असतील.
सहा आकडे वाऱ्यातून ओरडून सांगितले,
पाचवा दोनदा.

पडदा हिरवा झाला.
म्हटलं, काका, पोचलं.
तो माझ्या हातांकडे बघत राहिला.
"कोन्ही लिन्हं हातमा?"
कुणीच नाही, काका.
आज शनिवार, कचेरी बंद आहे.
बंद असली तरी घेते ती आता.
हे त्याला पटलं नाही, आणि सांगताना
मलाही उंबऱ्यावर कुणाचं तरी मूल ठेवून
पळून आल्यासारखं वाटलं.

शिक्का मारला की टेबल हलायचं, तो म्हणाला.
शाई ओली असायची.
फुंकर मारून मग नळीत घालायची.

मी पोच छापली. सोळा आकडी नंबर.
पान गरम होतं.
त्याने धरलं, मागून कोरं आहे ते बघितलं,
फुंकर मारली
आणि अकरांवर बारावं गुंडाळलं.

वीस रुपये मी घेतले.
बूच बसेना.
त्याने दोनदा दाबलं.