स्वयंपाकघरापासून सुरू करा

जळालेल्या घराच्या दारात उभी राहून
मी दरवेळी हेच म्हणते: स्वयंपाकघरापासून सुरू करा.
दार बहुधा नसतंच. वाकलेला लोखंडी कोन असतो,
आणि बाईच्या मुठीत किल्ली,
अजून कुलूप शोधणारी.

बावीस वर्षं वालपराइसोच्या टेकड्यांवर
मी राखेची किंमत लिहिते.
कंपनीची नाही मी, तुमचीही नाही,
मधली. वही, मोजपट्टी, जाड तळाचे बूट.

स्वयंपाकघर अशासाठी, की त्या दिवशी
दिवाणखान्यात काय होतं ते डोक्याला आठवत नाही,
पण चमचे कुठे होते ते हाताला आठवतं.
मी म्हणते, डोळे मिटा, खण उघडा.
हवेतला खण उघडतो.
काही जणांना तो ढकलून बंदही करावासा वाटतो.

मकारेना, तू नव्या घरी चहाला बोलावलंस
आणि मावशीनं आल्याआल्या पन्हाळीत हात घातला.
निलगिरीची पानं निघाली, ओंजळभर, वाळून कडकडीत.
जानेवारीत दक्षिणेचा वारा सुटला
की ठिणगीला तेवढं पुरतं.

रागावू नकोस, केक खाता खाता ऐक.
आज रात्री सगळे खण उघडून फोटो काढ.
मोज्यांच्या खणाचासुद्धा. हसतेस काय?
आणि ते फोनमध्येच ठेवू नकोस, फोनही जळतो.
तालकाला आईकडे पाठव.
ती म्हणेल, मोज्यांच्या घड्या नाहीत.
म्हणू दे.

विमा काढ तो घेतल्या किमतीचा नको,
हेच घर आज पुन्हा उभारायला
जेवढं लागेल तेवढ्याचा.
अर्ध्याचा काढलास, आणि नुसतं स्वयंपाकघर जळालं,
तर स्वयंपाकघराचेही अर्धेच पैसे हाती येतात.
हे गणित मी बुटाच्या टोकानं
किती जणांना राखेत काढून दाखवलंय!
भूकंप त्या कागदात आपोआप येत नाही,
तो वेगळा मागून घ्यावा लागतो.
आपल्या देशात. जिथे बोलता बोलता
सगळे एकदम वर दिव्याकडे बघतात.

आणि भेटायची जागा ठरवा.
‘बाहेर’ ही जागा नव्हे.
बेकरीखालचा हिरवा नळ, ही जागा.
अंधारात एकदा पोरांना घेऊन उतरा,
पायऱ्या मोजा, कुत्र्याचा पट्टा दाराशी टांगा.
वरच्या आळीतले नवरा-बायको
धुरात एकमेकांना शोधत तीनदा वरखाली झाले.
वाचले दोघं.
कोण चुकलं यावर अजून भांडतात.

डॉन निबाल्दोचं सांगते, मग उठते.
बंदरातला जुना मेकॅनिक, एकटाच.
सहा ताटल्या म्हणाला, किटली, पाव कापायची सुरी.
मग, खिडकीत एक कप होता, कान तुटलेला,
तो नका लिहू, त्याला काही किंमत नाही.
मी पुढची ओळ घेतली.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, लिहा.
कप एक, लिहिला. किमतीपुढे रेघ मारली.
आठवड्यानं कागद परत आला: रकाना अपूर्ण.
मी एक पेसो लिहिला.
मंजूर झाला. वजावट गेली, बाकी सगळं गोल आकड्यांत,
आणि धनादेशाच्या टोकाला तेवढा एक.
त्यानं तो दिव्याखाली धरून
शेवटूनच वाचायला सुरुवात केली.

माझ्या खणांचे फोटो? विचारू नकोस.
काढेन.
केक चांगला झालाय. शिडी कुठे ठेवतेस?
उजेड आहे तोवर पन्हाळ काढून टाकू.