पाचवं मंगलाष्टक

मोर्शीच्या जिनिंगच्या पावतीमागं
चार रात्री लिहिलं म्या.
'सुलक्षणा' बसलं. 'गृहलक्ष्मी' तं आपसूक.
बसेना फक्त आमची छकू,
दातओठ खाऊन सायकलची चेन चढवणारी,
माह्या नापासाचं कार्ड
बापाच्या आधी पोस्टमनजोळून घेणारी.

मांडवात माइक हाती आला.
दोन ओळी म्हटल्या,
तिसरीले गळाच बसला.
लोकायच्या मुठीत रंगवलेली ज्वारी,
घामानं बोटं पिवळी.

मंग म्हटलं, "जवाईबापू,
इले चहात साखर कमी लागते जी.
रागात असली का 'जेवली' म्हनते,
तवा गंज उघडून पाहाजा."

कोनी हासलं. आत्यानं घाईत ज्वारी फेकली.
भटजी घड्याळ पाहे.

अंतरपाटापल्याड
बाशिंग एकदा हाललं.