काटा

वडगावात अडीचला मागांचा खडखडाट थोडा उतरतो.
माणसं जेवून कांड्या निवडत बसतात.
अडीच ते साडेतीन. तेवढाच माझा बाजार.

दहा आठवडे तो शेअर
दोनशे बारा अन् दोनशे चाळीसच्या मध्ये
धोट्यासारखा फिरत होता,
या पेटीतून त्या पेटीत.
वहीत दोनशे चाळीसवर मी पेन्सिलीनं रेघ मारली.
आमच्याकडं रेघ म्हटलं
की चहाच्या गाड्यावर दोन भाषांत आवाज चढतात.
ही रेघ कुणाचीच नव्हती,
खोडरबरानं जाणारी.

बुधवारी तो दोनशे त्रेचाळीसला बंद झाला,
रोजच्या चौपट उलाढालीनं.
गुरुवारी दोनशे चव्वेचाळीसला साठ घेतले
आणि हातातला चहा निवायच्या आत
दोनशे एकतीसला स्टॉप लॉस लावला.
सातशे ऐंशी रुपये.
एवढं चुकायची मला मुभा होती.

भावकाण्णा पलीकडच्या मागावरून ओरडला,
"घुसायच्या आधी पळायची वाट बघून ठेवलास की बे!"
त्यानंही घेतले. दोनशे.
स्टॉप नाही. "खाली गेलं तर येतंय परत,
कुठं जातंय?"

वर्षात सात वेळा मी असाच बाहेर फेकला गेलोय.
त्यातल्या तीनदा तर
मला उतरवून शेअर वर गेला,
चुकलेल्या बसच्या मागच्या काचेसारखा
दिसत राहिला बराच वेळ.

बाबांच्या मागाला काटा होता, अजून आहे.
बाण्याचा धागा तुटला
की काट्याला तो लागत नाही,
दांडा सुटतो, माग गप्प.
काट्याला शहाणपण नाही, बाबा म्हणायचे,
म्हणून त्याला आशाही नाही.
एकदा सारखा थांबतोय म्हणून
त्यांनी तो सुतळीनं बांधून टाकला
आणि खासबागला बारशाचं जेवायला गेले.
परत आले तर माग जोरात चालू,
धोटा इकडून तिकडे, रिकामा,
आणि पुढ्यात दीड हात नुसता ताणा,
उभे धागे. लुगडं नाहीच.

शेअर वर गेला. मी स्टॉप सरकवत राहिलो:
दोनशे बावन्न, दोनशे ऐंशी, तीनशे.
वर फक्त. खाली सरकवायला
रोज बोट शिवशिवतं.
तीनशे अठराला काटा पडला.
त्याआधी तो तीनशे एकेचाळीस पाहून आला होता,
त्या तेवीस रुपयांसाठी मी दोन रात्री
कूस बदलत होतो, खोटं कशाला बोलू.

रेणुकानं वही ओढून बेरीज केली.
या खेपेला चार हजार चारशे चाळीस आले.
सात चुकांचे गेलेले चार हजार नऊशे.
पेन्सिल कानावर खोचत म्हणाली,
"म्हणजे चारशे साठनं अजून मागंच हाईस की."
आणि स्वतःच हसली,
मागावर बसलेल्या नवऱ्याला मागं म्हणून.

भावकाण्णाचे दोनशे अजून आहेत.
तीनशे एकेचाळीस त्यानंही पाहिले होते.
आज भाव एकशे शहाण्णव.
तो फोन उघडत नाही,
मला विचारतो, "बघालास काय रे तू?"
मी म्हणतो, न्हाई.
त्याचा माग जोरात चालू असतो.
मी लांबूनच बघतो
लुगडं पुढं सरकतंय का.