पंधरा रुपये

मी ब्रँच पोस्टमास्तर होतो तेव्हा
रेडिओ ऐकायचा तर सरकारात
वर्षाला पंधरा रुपये भरावे लागत.
पुठ्ठ्याचं पुस्तक, आत तिकिटं,
तिकिटांवर माझा शिक्का, जरा तिरपा.
गावात पुस्तकं अकरा,
रेडिओ बारा.
बारावा उकंडराव भोयरांच्या चक्कीत.

वणीहून इन्स्पेक्टर आला की
उकंडराव रेडिओ बंद करत नसत.
ज्वारीच्या कोठीत खोल पुरत, तसाच बोलता,
आणि रिकामी चक्की सुरू करत.
दगडावर दगड. पट्टा फटफटतोय.
इन्स्पेक्टर ओरडून विचारतोय,
उकंडराव कानामागं हात धरून, "काय म्हन्ता?"
मी वहीत लिहायचो : अकरा.
दाण्यावाचून चाललेली चक्की
मला ओळखता येत नव्हती, असं नाही.

मग एके वर्षी परिपत्रक आलं. परवाना रद्द.
दुसऱ्या दिवशी उकंडराव खिडकीशी,
मोजून पंधरा रुपये, सुट्टे, पिठाळलेले.
"आता माफ झालं, भाऊ."
"म्हून त आलो. इतके दिवस भेव होतं.
आता मले येक पुस्तक पाह्यजे."
उरलेल्या कोऱ्यांतलं एक दिलं. पैसे घेतले नाहीत.
शिक्का मात्र मारला, सरळ.
त्यांनी ते चाळणीशेजारी खिळ्याला टांगलं.

पुढे मध्यम लहरींचा मनोरा मुका झाला,
कधी, ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही.
खरखर उरली.
उकंडराव तीही बराच काळ ऐकत.

आता तालुक्याला शाळेच्या गच्चीवर
लहानसं केंद्र आहे. पन्नास वॉट.
परवाना भिंतीवर, काचेत.
तोडसामांची करिश्मा बोलते तिथं :
कापसाचा भाव, लसीकरण, हरवलेली बकरी.
बातम्या सांगायच्या नाहीत, असा नियम.

परवा पहाटे तिचा फोन.
"काका, तुमी सरकारी मानूस.
मयत म्हंजे बातमी व्हय का माहिती?"
मी चष्मा शोधला. नियम शोधला.
पस्तीस वर्षं शिक्के मारलेल्या हाताला
काही सापडेना.
तोवर सात वाजले,
शेजारच्या ओट्यावरच्या मोबाइलमधून तिचा आवाज आला,
भाव सांगून झाल्यावर :
"आज भोयरांची चक्की बंद राहील."
थांबली.
"बंद राहील."

दळणाचे डबे घेऊन निघालेल्या बाया
रस्त्यातच उभ्या राहिल्या.
डबे माझ्या ओट्यावर ठेवले,
पदर डोक्यावर घेतले
आणि त्याच रस्त्यानं पुढं गेल्या.