हातचा

वास्कोत, बायण्याच्या उताराला, तिसऱ्या मजल्यावर
दोन खोल्या आणि एक गॅलरी.
कठड्यावरून बोट फिरवलं तर बोट काळं,
बंदरावरचा कोळसा.
लगेच लिहून घेतलं: कठडा, धुणे, रंग दोन हात.

पतसंस्थेच्या खिडकीमागे बसून एकोणीस वर्षं
मी लोकांच्या घरांची अंदाजपत्रकं तपासली,
'खर्च कमी धरला आहे' असं लाल शाईने लिहिलं,
एकदाही कुठल्या लादीवर टाच आपटून न पाहता.
आता माझंच.
पाकिटाच्या पाठीवर:
रंग बत्तीस हजार, लाद्या एक्केचाळीस,
न्हाणीघर पंचावन्न, वायरिंग अठ्ठावीस,
खिडक्या चोवीस, कारण खाऱ्या वाऱ्याने गज
मधोमध चोखून टाकलेले.
बेरीज एक लाख ऐंशी. इतकी गोल
की मी ती दोनदा वाचली.
भाडं चौदा हजार धरलं
आणि कर्जाचा हप्ता सोयीने विसरून
तेराव्या महिन्यात वसुली, असं ठरवूनही टाकलं.

कायतान मेस्त आला. चपला दाराबाहेर काढल्या,
जणू आत कुणी राहतंय.
खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं,
भिंतीला कान लावला.
टक्. टक्. टप्प.
"हांगा पोकळ." खडूची फुली.
टप्प. टप्प. आणखी दोन.
किती होतील, मी विचारलं.
तो म्हणाला, "पयलीं आयक, मागीर बरय."

मग मीही ऐकत गेले त्याच्या मागून.
न्हाणीघराच्या छताला त्याने छिन्नी नुसती टेकवली
आणि पोळीएवढा पापुद्रा त्याच्या खांद्यावर आला.
आत सळ्या फुगलेल्या, तांबूस,
बोटाने दाबल्या तर पदर सुटणाऱ्या.
वर घाडींची मोरी. गळती त्यांची, छत माझं,
आणि सोसायटीचं म्हणणं, तुमचं तुम्ही मिटवा.
हा रकाना माझ्या पाकिटावर नव्हताच.
कायतानने लिहिला. पेन्सिल माझी, आकडा त्याचा:
सत्तर.

त्या रात्री मी जेवले नाही, असं काही नाही.
जेवले.
पण बांगड्याचे काटे काढतानाही
बोटं बेरीज करत होती.

तिसऱ्या दिवशी ओट्यावरचं कपाट उतरवलं.
मागे रंग न लागलेली भिंत, कपाटाच्या मापाची,
आणि तिच्यावर पेन्सिलीने, चौऱ्याण्णव साल घालून,
गोदीत क्रेन चालवणाऱ्या सुर्लकरांचा हिशेब.
(विकताना सही त्यांच्या मुलाने केली. घाईत होता.)

पत्रे २४५०
सिमेंट ३७८०
मजुरी ४६००

खाली दुहेरी रेघ, पट्टी लावून ओढलेली:
९८३०.

सवयच ती. नजर उजवीकडून निघाली.
शून्य. तीन, हातचा एक.
शतकात अठरा झाले, आठ खाली मांडले,
आणि वरचा एक
क्रेनवरून कुठे सुटला कोण जाणे.
एक हजार रुपये. चौऱ्याण्णवचे.
महिनाअखेर कुणाच्या दारात उभे राहिले असतील?
की ते उभे राहिलेच नाहीत,
कपाट पुढे सरकवलं आणि रंग तिथेच थांबवला?

मी पाकीट काढलं.
दोन लाख पन्नास पुन्हा केले, हातचे वर मांडून,
आणि त्याखाली एक ओळ रिकामी सोडली.
नाव दिलं नाही. आकडाही नाही.
पतसंस्थेत अशी फाइल मी परत पाठवली असती.

कायतान घमेलं घेऊन मागे उभा.
"हें पुसूं?"
थांब, म्हटलं.
सुर्लकरांच्या दोनाच्या डोक्यावर
बारीक एक काढला,
नऊवर काट मारून बाजूला दहा केले.
तो बघत होता, काही बोलला नाही.
मग म्हटलं, आता लाव गिलावा.

अर्धं घमेलं गेलं. तेही लिहिलं.