स्लॉट तोच

तपकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
(जिना दोरीला धरून चढावा लागतो)
मुश्ताक बागवान माझा लॅपटॉप उताणा करतो.
अकरा स्क्रू. एक आधीच गायब.
"तेरा वर्षांचं मशीन, मॅडम. जपलंय."
जपलं कुठे, टाकलं नाही इतकंच.

आत अर्ध्या काडेपेटीएवढं हिरवं कार्ड,
त्याला दोन वायरी, एक काळी, एक पांढरी,
बिजागरीतून वर पडद्यामागे गेलेल्या.
घरी नवा राऊटर आलाय. त्याची नावं दोन,
त्यातलं वेगवान नाव याला दिसतच नाही.
"कान गेले असतील," मी म्हणते.
"कान ठीक आहेत. ती वरची पट्टी
शिकलेलाच नाही हा."

नवं कार्ड साडेसातशे. खाचा जुळल्या.
वायरींची टोकं त्याने अंगठ्याने दाबली,
टक्. टक्.
खालच्या सगळ्या हॉर्नांतून तेवढंच ऐकू आलं.

मग बटण. काळा पडदा, वर पांढरी ओळ:
अनधिकृत कार्ड. काढून टाका.
ना कृपया, ना धन्यवाद.
सदाशिव पेठेतल्या कुणीतरी लिहिली असणार, मी म्हटलं.
तो हसला नाही.

"आत यादी असते. कंपनीने घातलेली.
सुरू होतानाच नाव बघतं.
जागा बरोबर, खाचा बरोबर,
चाललं असतं मस्त.
पण यादीत नाही."
तळहातावर स्क्रू मोजत पुढे म्हणाला,
"एप्रिलपासून घर बघतोय आम्ही. कोथरूड, औंध.
फोनवर सगळं जमतं,
आडनाव सांगेपर्यंत."

मी चष्मा पुसला. स्वच्छच होता.
आमच्या सोसायटीत तिसरा मजला रिकामा आहे.
परवाच्या रविवारी मीटिंगला मी होते.
चिवडा चांगला होता.

"यादी बदलता येते का?" मी विचारलं. "लॅपटॉपची."
"येते. पण चुकलं तर मशीनच जातं.
कोण करतंय?"

शेवटी खणातून पेराएवढा डोंगल काढून
त्याने कडेला खोचला.
"बाहेर लावला की नाव विचारत नाही."
निळा दिवा लुकलुकला.
दुकानाचं वेगवान नाव लगेच वर आलं.

चारशे झाले. जुनं कार्ड पुडीत बांधून दिलं.
आतल्या वायरींना आता काहीच जोडलेलं नाही;
टोकांना त्याने चिकटपट्टी लावली,
कशाला टेकू नयेत म्हणून.

डोंगलमुळे लॅपटॉप पिशवीत सरळ बसत नाही.
दर वेळी आधी तो उपटावा लागतो.