दहावा

सोहारमध्ये माझं काम कावळे धरायचं.
हसू नका. कंपनी आहे, गणवेश आहे,
खिशावर नाव शिवलंय: बिसराम.
विश्राम कुणाला लिहिता आलं नाही.

कावळे इथले नव्हेत, आपल्याच बाजूचे.
म्हणतात, गलबतांच्या डोलकाठीवर बसून आले,
ना व्हिसा, ना मेडिकल,
आणि माजले. परक्या घरट्यांतली अंडी फोडतात,
मासळीबाजारात हातातलं हिसकावतात.
म्हणून कंत्राट. जाळीचा पिंजरा, आत कोंबडीची आतडी,
आणि एक ओळखीचा कावळा, बाकीच्यांना बोलवायला.
मलाही इथे एका ओळखीच्यानेच बोलावलं होतं.

आज आईचा दहावा. रजा मिळाली नाही.

सकाळचे साडेआठ, तिकडे दहा.
फोनवर प्रभाकर, आणि त्याच्यामागे नदी,
केळीचं पान, भाताचा पिंड, वर दह्याचा ठिपका,
माडावर पाच-सहा जण.
बघतात. उतरत नाहीत.

"तासभर झाला," तो म्हणाला.
"धाकटीचं लग्न करून देईन म्हटलं,
कलमं विकणार नाही म्हटलं. ढिम्म.
भटजींना पुढे जायचंय.
तुझं काही असेल तर बोल."

माझा विश्वास आहे का, ते विचारू नका.
पाखरांची भूक मी पगारावर मोजतो.
भरल्या पोटी कावळा कशालाच शिवत नाही,
आणि त्या घाटावर आणखी दोन पानं होती, चाटूनपुसून रिकामी,
स्क्रीनच्या कोपऱ्यात मला दिसत होती.
कारण मला माहीत होतं.

तरी घसा सुकला.

एजंटला द्यायला आईने पाटल्या काढून दिल्या.
पतपेढीत ठेवल्या. दुसऱ्या वर्षी मी फोनवर सांगितलं,
सोडवल्या, लॉकरला आहेत, येईन तेव्हा आणतो.
तिने पुन्हा विचारलं नाही.
न विचारायची तिची एक तऱ्हा होती:
फोन ठेवताना हातातल्या काचा मागे सारायची.
किणकिण यायची. मग लाइन बंद.

गाडीत मागे अकरा, ओळखीचा धरून.
शेजारी हसन वस्ता, दाभोळचा, आमचा ड्रायव्हर.
त्याने इंजिन बंद केलं.
"बोल की," म्हणाला. "आमच्यात मय्यत उचलण्याआधी
सगळ्यांसमोर विचारतात, याच्याकडून कुणाचं काही येणं आहे का.
तुझ्याकडे उलटं दिसतंय."

तेव्हा बोललो.
पाटल्या सोडवल्या नव्हत्या. खोटं बोललो होतो.
लिलावात गेल्या की आहेत, तेही ठाऊक नाही.

हे काही वचन नव्हतं. वचन द्यायला तोंड नव्हतं.
प्रभाकर गप्प. भटजी खोकले.
वहिनी कॅमेऱ्यातून बाजूला झाली.
आणि चित्र गोठलं:
पान, भात, माड, हवेत एक काळा डाग,
येतोय की जातोय, कळेना.
मग नेटच गेलं.

हसन उतरला. "टायर बघतो," म्हणाला,
आणि पाठ करून उभा राहिला,
कुठल्याही टायरला लागतो त्याहून जास्त वेळ.

मी कडी काढली. ओळखीचा तेवढा बाहेर आला.
टपावर बसला. मान वाकडी करून मला पाहिलं,
ते चेहरा विसरत नाहीत.
उडाला, तो समुद्राकडे वगैरे नाही,
सरळ मासळीबाजाराकडे.

बऱ्याच वेळाने प्रभाकरचा एक शब्द आला: शिवला.
किती वाजता, मी विचारलं नाही.
दोन घड्याळांत दीड तासाचं अंतर आहे,
कुणीही बसून हिशेब लावू शकेल.
पाटल्यांबद्दल तो काही बोलला नाही. बोलेल.

संध्याकाळी तक्ता भरला. आज: दहा.

मग पत्र्याची पेटी उपसली.
पतपेढीची पावती तळाशी, घडीवर फाटलेली.
नंबर पुसट झालाय,
पण दिव्याशी धरला तर वाचता येतो.